एका शब्दाचा अतिरिक्त कार्यभार

३४ वर्षे मामलेदार कचेरीत लेखणी झिजवून, त्यांतली अखेरची सहा अव्वल कारकून ह्या हुद्द्यावर काढून, आणि एवढ्या अवधीत एकही खातेनिहाय चौकशी अंगावर ओढवून न घेता मी सेवानिवृत्त झालो, त्या वेळी निरोपसमारंभात आमच्या साहेबांनी माझ्याविषयी जे चार शब्द काढले, त्यांत ‘ह्यांच्या हातून निघालेल्या कागदाचा दुसरा अर्थ कोणाला लावता आला नाही’ असे एक वाक्य होते. आणि नारळ, शाल व चांदीचा मुलामा दिलेला गणपती ह्या तिन्हींहून मला त्या वाक्याचेच अधिक अप्रूप वाटले होते. गणपतीचा मुलामा पहिल्याच पावसाळ्यात उडाला. वाक्याचा मुलामा त्यानंतर बरीच वर्षे टिकला, तो आमच्या पुतणीच्या साखरपुड्याच्या दिवशी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी उडाला.

समारंभ साताऱ्याला होता. घरची मंडळी आदल्या दिवशीच पुढे गेली होती, आणि गॅसचा सिलिंडर यावयाचा असल्याकारणाने मी एकटा वाईला मागे राहिलो होतो. सिलिंडर आला, पाठोपाठ कुटुंबाचा फोन आला.

“अहो, येताना तो सेट घेऊन या. विसरू नका.”

“कोणता सेट?”

“कोणता काय? परवा दोघं जाऊन देऊन आलो ना, तोच. झाला असेल आता. पैसे दिलेत आधीच.” आणि पलीकडे कोणीतरी ‘काकू, नारळ किती?’ असे विचारल्यामुळे माझे प्रकरण निकाली निघाल्याचे समजून फोन बंद करण्यात आला.

आता वस्तुस्थिती अशी की परवा आम्ही उभयता दोन ठिकाणी गेलो होतो. एक, सराफाच्या पेढीवर, जेथे कुटुंबाचा मोत्यांचा जिन्नस पुन्हा ओवण्यासाठी दिला होता. आणि दुसरे, झेरॉक्सच्या दुकानात, जेथे मी आमच्या वडिलोपार्जित जमिनीचे सातबारा, आठ-अ आणि फेरफार ह्यांच्या नकला काढावयास टाकल्या होत्या. दोन्हीकडे पैसे आगाऊ दिले होते. सामान्य मनुष्य येथे क्षणभर तरी अडखळला असता. पण ज्याने हयातभर पक्षकारांना खिडकीतून ‘तीन सेट आणा, तीन’ एवढेच ऐकवले, त्याच्या मेंदूत ह्या शब्दासाठी एकच खण असतो. शिवाय मी कार्यकारणभावही तपासला होता: साखरपुड्याला चारही भाऊ एकत्र येणार, त्याअर्थी कागदांची गरज पडणार, हे उघडच होते. मी तिन्ही सेट ताब्यात घेतले, प्रत्येक पानास पृष्ठांक घातला, टाचणीऐवजी हिरवा टॅग ओवला आणि एस. टी. पकडली.

कार्यालयाच्या आतल्या खोलीत कुटुंब पैठणी नेसून, मोकळ्या गळ्याने, पाचसहा बायकांच्या मध्यभागी माझी वाट पाहत बसले होते. मी पिशवीतून पुडके काढून अदबीने पुढे केले.

“हे काय?”

“सेट. तीन आहेत. वरची स्थळप्रत.”

“हा गळ्यात घालू?”

बायका हसल्या, ते मी सहन केले असते. पण हसणे ऐकून माझा धाकटा भाऊ दारात आला, त्याला मोठ्या भावाच्या हातात सातबारा दिसला, आणि ‘दादा, आजच्या दिवशी हा विषय?’ असे म्हणून तो जो भिंतीला टेकला, तो उठेना. दहा मिनिटांत उरलेले दोन भाऊ, एक मेहुणा आणि गावाकडचे एक वकील तेथे गोळा झाले. वाटपाची भाषा मी केली नव्हती, मी केवळ नकला आणल्या होत्या. परंतु ३४ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो की सातबारा उघडला आणि भाऊबंदकी उघडली नाही असे ह्या महाराष्ट्रात सहसा घडत नाही. ह्या गोंधळात एक सेट व्याह्यांच्या हाती लागला. त्यांचा समज असा झाला की वधूपक्षाने आपली ऐपत दाखवण्यासाठी तो मुद्दाम फिरवला आहे. त्यांनी चष्मा लावला, सावकाशीने शेवटपर्यंत वाचला आणि समाधानाने विचारले, “ह्यात बागायत किती?”

त्या रात्री झोप आली नाही. ज्या शब्दाने माझी चार लोकांत शोभा केली, त्याचे दप्तर तपासल्याखेरीज राहावयाचे नाही असा निर्धार करून मी शोधास लागलो. वाई हे गावच असे आहे की येथे घाटावर स्नानाला उतरलेला मनुष्यही एखाद्या संज्ञेची व्युत्पत्ती पुटपुटत असतो. विश्वकोशाचे कार्यालय गावात असल्यामुळे त्या खात्याची हवाच येथल्या पाण्याला लागली आहे. तेव्हा ग्रंथांची वानवा पडली नाही.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची हकीकत कोणाही सरकारी नोकराच्या अंतःकरणास ओलावा आणणारी आहे. तिकडच्या भाषाशास्त्रीय मंडळींनी नव्या कोशाचा विषय प्रथम १८५७ साली काढला. नुसता विषय काढण्यात, समिती नेमण्यात आणि पत्रव्यवहारात २२ वर्षे गेली. १८७९ साली जेम्स मरे नावाच्या एका विद्वान शिक्षकाशी, दहा वर्षांत संपूर्ण काम हातावेगळे करण्याचा करार झाला. मरेसाहेबांनी अंगणात एक पत्र्याचे खोपट बांधले, त्यात लाखो चिठ्ठ्या खणाखणांतून लावल्या आणि कामास आरंभ केला. पाच वर्षांनी, म्हणजे मुदत निम्मी संपल्यावर, १८८४ साली पहिला भाग छापून निघाला, तेव्हा ते कोठवर पोहोचले होते? पहिल्या अक्षरातल्या ‘अँट’ ह्या शब्दापर्यंत. अँट म्हणजे मुंगी. मुंगीच्या पावलांनी मुंगीपर्यंत पोहोचलेले एवढे प्रामाणिक शासकीय काम माझ्या पाहण्यात दुसरे नाही. मरेसाहेब १९१५ साली निवर्तले आणि कोश १९२८ साली पुरा झाला. आमच्याकडे एखादा दिवाणी दावा आजोबांनी लावावा आणि नातवाने निकाल ऐकावा, तशातला हा प्रकार.

त्याच कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तीत ‘सेट’ ह्या तीन अक्षरी, दिसावयास निरुपद्रवी अशा शब्दाचे ४३० अर्थ नोंदलेले आहेत, आणि त्यांचा खुलासा करण्यास सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले आहेत. मोलस्वर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती, जी योगायोगाने १८५७ सालचीच आहे, तिच्यात सबंध मराठी भाषेचे मिळून शब्द भरतात तेही सुमारे ६०,०००. अर्थात ज्या भांडवलात मराठी माणसाने जन्मभर भांडावे, लग्ने जमवावी, अभंग रचावे आणि कोर्टात फिर्यादी लावाव्या, तेवढे सारे भांडवल इंग्रजांनी एका ‘सेट’चा खुलासा करण्यात उडवले, आणि तो खुलासा होऊनही माझ्या हातून सातबारा गेला तो गेलाच.

हे आकडे वाचले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा भाषेचा प्रश्नच नव्हे. हा आस्थापनेचा प्रश्न आहे! ज्या कचेरीत रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, तेथे एखादा गरीब स्वभावाचा, नाही म्हणू न शकणारा कारकून असतो. आवक-जावक त्याच्याकडे, निवडणूक त्याच्याकडे, पाणीटंचाई त्याच्याकडे, आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकाही त्याच्याकडेच. इंग्रजी भाषेने ‘सेट’चे नेमके हेच केले. हाड बसवावयाचे आहे? सेटकडे पाठवा. गजर लावावयाचा आहे, जाळे मांडावयाचे आहे, अंगठीत खडा बसवावयाचा आहे, छापखान्यात खिळे जुळवावयाचे आहेत? त्याच्याच टेबलावर टाका. इतकेच नव्हे, तर ज्यांच्या साम्राज्यावर म्हणे सूर्य मावळतच नव्हता, त्यांनी सूर्य मावळण्याचे कामही ह्याच्याकडेच दिले होते; ते काम स्वतःच्या अमदानीत निघत नाही असे पाहून बाकीचे ४२९ कार्यभार त्याला जोडून दिले असावेत. बरे, एवढे राबून सेवाज्येष्ठतेत तरी पहिला क्रमांक राहावा? तोही नाही. ‘रन’ ह्या क्रियापदाची नवी छाननी करण्यास एका संपादकाने नऊ महिने घेतले आणि त्याचे ६४५ अर्थ काढून २०११ च्या सुमारास त्याला वरच्या जागेवर बसवले. प्रामाणिक माणसाची सर्वत्र हीच गत.

सहानुभूती वाटली तरी शिस्त ती शिस्त. दुसऱ्या दिवशी मी घरात फर्मान काढले की ह्यापुढे ह्या घरात ‘सेट’ शब्द निषिद्ध समजला जाईल. ज्याला जे म्हणावयाचे असेल त्याने त्या त्या अर्थाचा नेमका मराठी शब्द योजावा. आणि चुकून उच्चार झाल्यास मी ठेवलेल्या नोंदवहीत दिनांक, बोलणाराचे नाव, अभिप्रेत अर्थ आणि शेरा अशा चार रकान्यांत त्याची नोंद होईल. शासनाने १९६२ साली पदनाम कोश काढला, त्याला अत्रेसाहेबांनी ‘बदनाम कोश’ ठरवले, हे मला ठाऊक होते. तरी त्यातलीच किती नावे पुढे लोकांच्या तोंडी रुळली, हेही ठाऊक होते. तेव्हा फर्मानावर माझा विश्वास होता.

नोंदवही चार दिवसांत भरू लागली. सूनबाई नातवाला म्हणाली, “फ्रीज उघडू नको रे, पुडिंग सेट व्हायचंय.” मी म्हटले, ह्याला आपल्याकडे ‘थिजणे’ म्हणतात. तिने शांतपणे विचारले, “बाबा, पाहुण्यांना ‘थिजलेलं पुडिंग घ्या’ म्हणू?” मी शेऱ्याचा रकाना कोरा सोडला. नातू म्हणाला, “आजोबा, गणितात संच म्हणतात.” हा शब्द मला फार आवडला. रिक्त संच म्हणून एक असतो, आणि तो प्रत्येक संचाचा उपसंच असतो, हेही त्याने सांगितले. महिनाअखेरीस निवृत्तिवेतनधारकास हे तत्त्व समजावून घेण्यास गणित लागत नाही. पण ‘मोत्यांचा संच’ आणि ‘कपबशांचा संच’ इथपर्यंत सुखाने गेलेली गाडी ‘पुडिंग संच झाले’ येथे रुळांवरून घसरली. चिरंजीव रात्री टेनिस पाहत बसले होते. ‘एक सेट बघून झोपतो’ म्हणाले. मी ‘डाव’ सुचवला. ते म्हणाले, “डाव म्हणा, नाहीतर काही म्हणा, पण तो संपायला हवा ना? विंबल्डनला २०१० मध्ये शेवटचा एक सेट आठ तासांवर चालला होता. सत्तर-अडुसष्ट!” हे ऐकून मी स्वतःच झोपावयास गेलो.

सर्वांत नामुष्की झाली ती शेजारच्या मुलीच्या बाबतीत. ही मुलगी मराठी घेऊन एम. ए. झालेली, गुणी. तिची आई पेढे घेऊन आली आणि म्हणाली, “आमची सेट झाली हो, भाऊजी!” विवाह मंडळाच्या भाषेत ‘मुलगा पुण्यात सेट आहे’ ह्याचा अर्थ त्याला नोकरी आहे, सदनिका आहे आणि हप्तेही आहेत, एवढे मला नोंदवहीतील क्रमांक ११ वरून माहीत होते. मी उठलो, मुलीला बोलावले, आशीर्वाद दिला आणि “कोठे मिळाली जागा?” असे विचारले. ती म्हणाली, “काका, सेट म्हणजे परीक्षा. प्राध्यापक व्हायला पात्र ठरले, एवढंच. जागा कुठं आहेत?” म्हणजे सेट झालेला मनुष्य सेट नसतो! दोन्ही नोंदी एकाखाली एक घातल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो. पेढा मात्र घेतला.

ह्या शब्दाचे मूळ तरी काय, म्हणून मी आमच्या घाटावरच्या एका शास्त्रीमित्रांना गाठले. संस्कृताचे निवृत्त शिक्षक, आणि इंग्रजीचाही व्यासंग असलेले. ते म्हणाले, “अहो, हे तर घरचेच प्रकरण. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचे प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसवणे. आपला ‘सद्’ धातू आणि हा, दोघे एका मुळाचे. उपनिषद, परिषद, संसद ही सगळी त्याच कुळातली.”

“म्हणजे टी-सेट आणि संसद भाऊबंद?”

“थांबा. टी-सेटमधला सेट निराळा. तो मूळचा लॅटिनमधला ‘सेक्ता’, म्हणजे अनुयायांचा पंथ. फ्रेंचांकडून आला आणि नाव सारखे निघाल्यामुळे ह्या घरात मिसळून गेला.”

दत्तकविधान! तेही नोंदणी न झालेले! वारसाहक्काच्या चौकशीत अशी प्रकरणे मी ढिगाने पाहिली होती. परंतु शास्त्रीबुवांच्या बोलण्यातून माझ्या हाती एक घबाड लागले होते, ते ‘बसवणे’. आपण हाड बसवतो, खडा बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो. ४३० कार्यभार सांभाळणाऱ्या सेटाला तोडीस तोड असा हा आपला घरचा माणूस असताना इंग्रजाचे उसने कशाला? मी आनंदाने घरी परतलो आणि त्याच आनंदात माझे मनगट मोडले.

त्याचे असे झाले की मागल्या अंगणात कोबा करणे चालू होते. सिमेंट घालून तासभर झाला होता. बांधकाम खात्यातल्या एका स्नेह्याने मला पूर्वी सांगितले होते की मानकाप्रमाणे साध्या सिमेंटने पहिली ३० मिनिटे तरी आवळू नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरते आवळलेले असावे. त्यामुळे ह्या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क आहे असे मी समजत होतो. गवंडी सकाळीच बजावून गेला होता, “आप्पा, पाय ठिवू नका, सेट व्हतंय.” तो पलीकडे तंबाखू मळत बसला होता. नव्या शब्दाची उद्घाटनाची घाई असल्यामुळे मी दारातूनच खणखणीत आवाजात विचारले, “काय रे, कोबा बसला का?”

मराठीत जमीन बसली, भिंत बसली, म्हणजे खचली, हे मला त्या क्षणी आठवले नाही, गवंड्याला आठवले. “बसला? कुटं बसला?” असे ओरडत, तंबाखू भिरकावून तो जो माझ्या अंगावर धावत आला, त्याला वाट देण्यासाठी मी एक पाऊल मागे घेतले. मागे कोबा होता. तो बसलेला नव्हता, सेटही झालेला नव्हता. माझ्या उजव्या पावलाचा ठसा, टाचेकडून लांबत गेलेला, तेथे आजमितीसही पाहावयास मिळतो. लहान मुले त्यात पाणी भरून होड्या सोडतात.

डॉक्टर तरुण आणि उमदे होते. “घाबरू नका, आप्पा. हाड सेट करू, वर प्लास्टर घालू, ते सेट झालं की सहा आठवड्यांत तुम्ही एकदम सेट!” एका वाक्यात तीन! मी सवयीने खिशाकडे हात नेला, तो हात जागेवर नव्हता. नोंदवही कुटुंबाकडे सुपूर्द करणे क्रमप्राप्त झाले. “लिही,” मी पलंगावरून सांगत असे, “क्रमांक ३१, वैद्यकीय.” ती मुकाट्याने लिहून घेई. त्याच पंधरवड्यात माझी नवी कवळी तयार झाली. दंतवैद्यही ‘वरचा-खालचा मिळून फुल सेट’ म्हणाले, तेही तिने लिहून घेतले, क्रमांक ३८. तिची ही तत्परता पाहून मला जरा गहिवरून आले होते.

एके दुपारी ती झोपली असता मी डाव्या हाताने नोंदवही चाळावयास घेतली, ती नेमकी उलटीकडून उघडली. मागच्या पानापासून, चारही रकाने पाडून, स्वच्छ अक्षरांत आणखी एक नोंद चालू होती. विषय: ‘लागणे’. बोलणाराचे नाव ह्या रकान्यात पहिल्या ओळीवर माझे नाव, आणि खाली पानभर ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’. मी तीन दिवसांत काय काय बोललो होतो ते तिने टिपले होते. मला चहा लागला होता म्हणजे हवा होता, आणि तोच चहा जिभेला लागला म्हणजे भाजला होता. डोळा लागला होता, तो झोपेमुळे. तोच सुनेच्या पुडिंगकडे लागला, तो आशेने. दूध पातेल्याला लागले, ऊन डोक्याला लागले, मेहुण्याचे बोलणे मनाला लागले. सिलिंडरचा नंबर लागला, शेजारच्या परीक्षेचा निकाल लागला, पेन्शनच्या फरकाची रक्कम अजून हाती लागली नाही. स्टँडवरून आलेल्या पाहुण्याला मी विचारले होते, “गाडी लागली का?” पाहुणा म्हणाला, “नाही, फक्त मळमळलं.” मला वाटते मी फलाटाविषयी विचारले होते. व्याही आमचे कोण लागतात, ह्यावर मी एक सबंध व्याख्यान दिले होते, तेही तिने एका ओळीत बसवले होते. सगळ्यांत जास्त पुनरावृत्ती ‘किती वेळ लागणार आहे?’ ह्या वाक्याची होती. अभिप्रेत अर्थ: स्वयंपाकाला. शेरा: दिवसातून चार वेळा, मदत निरंक.

एकूण नोंदी ४३ होत्या. मी वही जागच्या जागी ठेवली आणि ह्या विषयावर ह्या घरात पुढे कोणी काही बोलले नाही. फर्मान रीतसर मागे घेतल्याचे जाहीर केले नाही. आमच्या खात्यात तशी प्रथाच नाही. असे आदेश आपोआप कालबाह्य होतात.

लग्न मार्गशीर्षात लागले. पुन्हा सातारा, पुन्हा मंडळी पुढे, पुन्हा मी मागे. ह्या खेपेस पाण्याच्या टाकीच्या तोटीमुळे. निघावयाच्या गडबडीत फोन वाजला. पलीकडे सनईचा आवाज, आणि त्यातून कुटुंबाचा दबका स्वर: “अहो, सेट राहिलाय घरी. आणा हं आठवणीने.”

“कोणता” हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण गेल्या खेपेची अब्रू आठवली, मागच्या पानांची ती नोंद आठवली, आणि ४५ वर्षे संसार केलेल्या मनुष्याला बायकोच्या एका शब्दाचा अर्थ विचारावा लागू नये असा एक अनाठायी अभिमान जागा झाला. मी म्हटले, “आणतो.” आणि सगळेच आणले. कपाटातला मोत्यांचा सेट दिसला नाही, तेव्हा तो तिच्या अंगावर असणार हे मी ताडले. तरी खड्यांचा घेतला. आहेरासाठी आणलेला स्टीलचा डिनर सेट घेतला. कपबशांचा घेतला. वडिलांच्या वेळचा मर्फीचा रेडिओ सेट कोणी कशाला मागेल, असे वाटले खरे, पण सातबारा तरी कोणी मागितला होता? तोही घेतला. सातबाऱ्याचे तीन सेट सर्वांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, कारण भाऊही येणारच होते. ह्या साऱ्यांसह मी रिक्षातून कार्यालयाच्या दारात उतरलो, तेव्हा वरपक्षाच्या लोकांनी मला मांडववाला समजून मागल्या दाराने आत जाण्यास सांगितले.

कुटुंबाने एकेक वस्तू पाहिली. मग चेहरा पाहिला. मग मला खांबाआड ओढून कुजबुजली, “आणि दातांचा?”

कवळी नवी होती, हिरडीला लागत होती, म्हणून सकाळी काढून ती मोरीतल्या फडताळावर, पेल्यात ठेवली होती, आणि तोंडात नाही हे टाकीच्या तोटीपायी ध्यानातच आले नव्हते. पुढे गेलेल्या मुलाला सकाळी व्हिडिओ फोनवर माझे बोळके तोंड दिसले होते; त्याने आईला कळवले होते; आणि व्याह्यांच्या देखत ‘कवळी’ हा शब्द कसा उच्चारावा म्हणून तिने शिष्टसंमत असा इंग्रजी शब्द योजला होता. पंगतीत जिलेब्या वाढल्या जात होत्या. मसालेभाताचा वास येत होता. माझा संताप अनावर झाला आणि मी मोठ्याने म्हणालो, निदान म्हणावयास गेलो, की सेट म्हणजे कोणता सेट, हे नीट सांगावयास काय होते. पण दातांवाचून ‘स’ कसा निघावा?

“शेट म्हंजे कोनता शेट!”

समोरच्या पंगतीत आमचे सराफ बसले होते. ‘शेठ’ ऐकताच ते पानावरून अर्धवट उठले, हात पुसत, नमस्कार करीत लगबगीने माझ्यापाशी आले आणि अत्यंत आस्थेने विचारू लागले,

“बोलावलंत, आप्पा? काय झालं, सेट तुटला का पुन्हा?”

मी काही न बोलता तोंड उघडून दाखवले.